पणजोबांची नोंद सापडत नाही तेव्हा: धर्मग्रामाच्या वह्या आणि शिरगणतीतून पूर्वजांचा माग कसा काढावा

वसई, मुंबई आणि गोव्यातील कॅथलिक घराण्यांतले पुष्कळ जण पूर्वजांचा शोध एकाच पद्धतीने सुरू करतात आणि एकाच ठिकाणी अडकतात. पणजोबांचे नाव ठाऊक असते, गाव ठाऊक असते; मग गावच्या चर्चमध्ये जाऊन ‘आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा काढून द्या’ अशी विनंती केली जाते, नोंद मिळत नाही, आणि वही वाळवीने खाल्ली असेल असे समजून शोध तिथेच थांबतो. माझ्या अनुभवात वही खरोखर नष्ट झाली आहे असे क्वचितच आढळले. बहुतेक वेळा नोंद असते, मात्र ती दुसऱ्या वहीत, दुसऱ्या चर्चमध्ये किंवा नावाच्या दुसऱ्या रूपाखाली असते, आणि शोधाचा क्रम चुकल्यामुळे ती आपल्याला दिसत नाही. खाली तो क्रम टप्प्याटप्प्याने दिला आहे. टप्पे गाळू नयेत. विशेषतः पहिले तीन.

टप्पा १: चर्चची पायरी चढण्यापूर्वी

घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपासून सुरुवात करावी आणि तिला नावे विचारण्याऐवजी ठिकाणे विचारावीत. पणजी कोणत्या गावची, तिचे माहेर कोणत्या आळीत, लग्नाची वरात कुठून कुठे गेली, थोरल्या मुलाचा धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा) कोण होता, कोणाच्या घरी दर वर्षी सणाला जेवायला जात, हे प्रश्न विचारले की माणसे आठवतात. नुसते ‘पणजोबांचे पूर्ण नाव काय’ असे विचारले, तर उत्तरात घरात चालणारे नाव मिळते, आणि ते वहीत जसेच्या तसे सापडेलच असे नाही.

मग घरातील कागद गोळा करावेत: बाप्तिस्म्याचे दाखले, विवाहाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, सातबारा आणि फेरफार, वाटणीपत्रे, जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्मतारखा, मृत्यूच्या स्मरणपत्रिका. या सर्वांवरून प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्वतंत्र पान तयार करावे आणि प्रत्येक माहितीपुढे ती कोठून आली हे लिहावे. ‘आजीने सांगितले’ आणि ‘दाखल्यावर आहे’ या दोन गोष्टी एकाच शाईत मिसळल्या, तर पुढे चूक कुठे झाली हे शोधता येत नाही.

घरनाव अवश्य लिहून ठेवावे. एकाच धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, परेरा, लोपीस, डिसोझा किंवा रॉड्रिग्ज आडनावाची अनेक कुटुंबे असतात. त्यांच्यात फरक करणारी खूण म्हणजे घराण्याचे घरनाव आणि वस्ती. वस्तीला वसईत आळी, मुंबईच्या गावठाणांत पाखाडी आणि गोव्यात वाडो म्हणतात. वहीत आडनावापेक्षा वस्तीचा उल्लेख पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो.

तपासणी: पणजोबांच्या पानावर निदान एक ठिकाण, एक अंदाजे वर्ष आणि एका भावंडाचे नाव नसेल, तर चर्चमध्ये जाण्याची वेळ अजून आलेली नाही.

टप्पा २: भारतीय शिरगणतीकडून काय मिळत नाही

इंग्रजी संकेतस्थळे वाचून आलेले वाचक हमखास विचारतात की १८८१ किंवा १९०१ च्या शिरगणतीत आमचे घर कसे शोधावे. इंग्लंडमध्ये घरोघरी भरलेल्या जुन्या नोंदी जपल्या आहेत आणि शंभर वर्षांनी त्या खुल्या होतात. भारतातील शिरगणतीतून आकडे तयार झाले आणि छापले गेले. व्यक्तींच्या नावांच्या याद्या शोधकाला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार या नोंदी पाहण्यासाठी खुल्या नाहीत आणि ठरावीक अपवाद सोडता न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. त्यामुळे जनगणना कार्यालयाकडे अर्ज करण्यात महिने घालवू नयेत.

छापील खंडांचा उपयोग मात्र आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत त्या वेळची गावांची नावे मिळतात, आणि बदललेल्या किंवा शहरात विरघळलेल्या गावाचा शोध तिथे लागतो. ठाणे जिल्ह्यासाठी १८८२ चा गॅझेटियरही जुन्या गावांच्या आणि चर्चच्या ओळखीसाठी जवळ ठेवावा.

नावानिशी घरगणती हवी असेल, तर ती चर्चपाशीच आहे. तिच्याविषयी सातव्या टप्प्यात.

टप्पा ३: योग्य धर्मग्राम ठरवणे

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबावे लागेल.

पहिली चूक म्हणजे आजचा धर्मग्राम हाच जुना धर्मग्राम असे मानणे. लोकवस्ती वाढली तशी मोठ्या धर्मग्रामांतून नवे धर्मग्राम निघाले. नव्या चर्चमध्ये त्याच्या स्थापनेपूर्वीच्या नोंदी नसतात. त्या मातृधर्मग्रामात राहतात. म्हणून कार्यालयात पहिला प्रश्न ‘आमची नोंद आहे का’ असा न विचारता, ‘तुमच्याकडची सर्वांत जुनी वही कोणत्या वर्षापासूनची आहे, आणि त्याआधी आमची आळी कोणत्या चर्चकडे होती’ असा विचारावा.

दुसरी चूक मुंबई आणि परिसरात होते. तिथे दीर्घ काळ दोन चर्च-सत्ता एकाच वेळी चालत होत्या: पोर्तुगीज राजाश्रयाखालची पाद्रोआदो आणि थेट रोमच्या अखत्यारीतील प्रोपागांदा. एकाच गावठाणात दोन चर्चेस, दोन धर्मगुरू आणि दोन स्वतंत्र वह्या असू शकत, आणि भांडणतंटा झाला की कुटुंबे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात. १८८६ पासून १९२८ पर्यंत पाद्रोआदोचा या भागातील कारभार दमण धर्मप्रांताखाली (बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशाखाली) होता. १९२८ मध्ये तो मुंबई महाधर्मप्रांतात विलीन झाला. वसई धर्मप्रांत तर १९९८ मध्ये वेगळा झाला. म्हणून वसईच्या कुटुंबाने धर्मप्रांताच्या पातळीवरचा जुना पत्रव्यवहार किंवा नकला शोधताना केवळ वसईच्या बिशप हाऊसवर थांबू नये. १९९८ पूर्वीचा कारभार मुंबईतून चालत होता.

तिसरी चूक गोव्यात होते. तिथे १९१४ पासून नागरी नोंदणी आहे, त्यामुळे त्यानंतरच्या जन्मासाठी आधी नागरी नोंद पाहावी आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांसाठी चर्चच्या वह्यांकडे वळावे. अनेक धर्मग्रामांच्या जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे गेल्या आहेत. चर्चमध्ये वही नाही याचा अर्थ वही नाही, असा घेऊ नये.

सावधान: मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीय पूर्वजाचा शोध मुंबईच्या चर्चमध्ये संपवू नये. नोकरीसाठी आलेले पुरुष आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे धोबी तलाव किंवा माझगाव भागातील गावनिहाय क्लबात राहत, आणि लग्न, बाप्तिस्मा गावीच होत असे. कूड कोणत्या गावाचे हे कळले, की धर्मग्राम कळतो.

टप्पा ४: आधी विवाह, मग बाप्तिस्मा

सरळ बाप्तिस्म्यावर उडी घेण्याचा मोह आवरावा. ‘इनास परेरा’ नावाची तीन मुले पाच वर्षांत एकाच वहीत असू शकतात आणि त्यांतले आपले कोणते हे बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून ठरत नाही. विवाहाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांची नावे, साधारणतः दोघांच्या वडिलांची नावे, गाव आणि साक्षीदार एकत्र येतात; दोन घराण्यांचा असा सांधा दुसऱ्या कोणत्याही नोंदीत नसतो. म्हणून ज्ञात व्यक्तीपासून मागे जाताना क्रम असा ठेवावा: आजोबांचा बाप्तिस्मा, त्यावरून त्यांच्या आईवडिलांचा विवाह, विवाहावरून त्या दोघांचे बाप्तिस्मे, आणि मग पुन्हा मागच्या पिढीचा विवाह.

विवाहाची तारीख माहीत नसेल, तर थोरल्या अपत्याच्या जन्मवर्षाच्या आधीची दहा वर्षे उलट्या क्रमाने पाहावीत. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेने (नियमसंग्रहाने), जी १९१८ पासून अमलात आली, विवाह वधूच्या धर्मग्रामात व्हावा हा सर्वसाधारण नियम ठरवला होता. म्हणून वराच्या गावी विवाह सापडला नाही, तर वधूचे गाव लगेच गाठावे.

विवाहाच्या नोंदीत नातेसंबंधाची सूट, म्हणजे जवळच्या नात्यात लग्न करण्यास चर्चची परवानगी, दिल्याचा उल्लेख असेल, तर तो शब्दशः उतरवून घ्यावा. जुन्या मोजणीत दुसऱ्या पायरीचे नाते म्हणजे वधूवरांचे एक आजोबा किंवा आजी समान, तिसऱ्या पायरीचे म्हणजे पणजोबा किंवा पणजी समान. गावातल्या गावात लग्ने होणाऱ्या समाजात अशी एक ओळ दोन शाखा एकत्र जोडून देते. ‘त्यात काय, नात्यातले लग्न’ म्हणून ती सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

समास वाचा. १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या रोमच्या आदेशाने धर्मगुरूंवर हे बंधन आले की विवाह झाल्यावर त्याची नोंद त्या व्यक्तीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करावी. त्यामुळे १८८५ च्या बाप्तिस्म्याच्या समासात, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हस्ताक्षरात, १९०९ च्या विवाहाची तारीख, चर्च आणि जोडीदाराचे नाव सापडू शकते. तीन इनासांपैकी आपला कोणता, याचे उत्तर त्या समासात असते. कार्यालयातून दाखला मागताना ‘समासातील टिपांसह’ असे लेखी मागावे, कारण छापील दाखल्याच्या नमुन्यात त्या नेहमीच उतरत नाहीत.

तपासणी: बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्माची तारीख वेगळ्या रकान्यांत लिहिल्या का? कौटुंबिक वंशावळींत या दोन तारखांची अदलाबदल सर्रास आढळते.

टप्पा ५: वही वाचणे

कार्यालयात आधी पत्र किंवा फोन करून वेळ घ्यावी. रविवार, सणाचा काळ आणि लग्नसराई टाळावी. सोबत पेन्सिल, भिंग आणि टप्पा १ मधील पाने न्यावीत. छायाचित्र घेण्यापूर्वी फादरांची परवानगी घ्यावी आणि हयात व्यक्तींच्या नोंदी मागू नयेत. वही आपल्याला हाताळू द्यावी असा आग्रह धरू नये. शाईने जळून ठिसूळ झालेले पान एकदा मोडले, की ती नोंद सर्वांसाठीच गेली.

भाषेची तयारी घरी करून जावी. पाद्रोआदोच्या आणि गोव्याच्या वह्या बहुधा पोर्तुगीजमध्ये, प्रोपागांदाच्या पुष्कळशा लॅटिनमध्ये, आणि नंतरच्या इंग्रजीत असतात. लॅटिन नोंद साधारण अशा क्रमाने चालते: अमुक महिन्याच्या अमुक दिवशी, मी, या चर्चचा धर्मगुरू, अमुक दिवशी जन्मलेल्या बालकाला बाप्तिस्मा दिला, नाव इग्नातियुस, पेत्रुस परेरा आणि मारिया या दांपत्याचा औरस पुत्र, राहणार अमुक आळी, धर्ममातापिता अमुक आणि अमुक. शेवटी सही. दोन-तीन पाने या साच्याने वाचली, की न लागणारा शब्द कोणत्या जागी आहे यावरून त्याचा अर्थ लागतो.

नावांची रूपे आधीच जुळवून ठेवावीत. लॅटिनमधील योआन्नेस म्हणजे पोर्तुगीज जुआंव आणि इंग्रजी जॉन. इग्नातियुस म्हणजे इनास. सेबास्तियानुस म्हणजे बस्त्याव. दोमिनिकुस म्हणजे दुमिंग. योसेफुस म्हणजे जुजे. याकोबुस म्हणजे जेम्स, पण पोर्तुगीज वहीत तोच दियोगो किंवा तियागो असू शकतो. पोर्तुगीज लेखनिक नावे तोडून लिहीत. मारियासाठी एम या अक्षरावर लहानसा ए, फ्रांसिस्कोसाठी दोन-तीन अक्षरे आणि वर ओ, असे संक्षेप सर्वत्र दिसतात.

सावधान: महिन्याऐवजी ७ आकड्यापुढे ‘ब्रिस’ किंवा ‘ब्रो’ लिहिलेले असेल, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर आहे. सप्टेंबर या शब्दातच लॅटिन ‘सेप्तेम’, म्हणजे सात, आहे. तसेच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाचा आकडा म्हणजे डिसेंबर. या एका चुकीमुळे दोन महिन्यांचा फरक पडतो आणि विवाहापूर्वी बाप्तिस्मा असा खोटा घोळ निर्माण होतो.

आईवडिलांच्या नावाआधी ‘क्वोन्दाम’ किंवा ‘देफुंक्तो’ असा शब्द आला, तर ती व्यक्ती त्या दिवसापूर्वी वारली आहे. मृत्यूच्या वहीत कोणत्या वर्षापासून मागे पाहायचे, हे त्यामुळे आपोआप ठरते.

टप्पा ६: तरीही नोंद सापडत नाही तेव्हा

पुढील शक्यता याच क्रमाने तपासाव्यात.

१. आईचे माहेर. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे थोरल्या अपत्याचा बाप्तिस्मा आजोळच्या चर्चमध्ये आणि बाकीच्यांचे वडिलांच्या चर्चमध्ये असे पुष्कळदा घडते. मी स्वतः माझ्या पणजोबांसाठी दोन वर्षे आमच्याच गावच्या वह्या चाळत होतो. त्यांच्या पाचही धाकट्या भावंडांचे बाप्तिस्मे ओळीने सापडले, त्यांचाच नाही. शेवटी एका भावाच्या विवाहातील साक्षीदाराचे गाव पाहिले, ते पणजोबांच्या आईचे माहेर निघाले, आणि तिथल्या वहीत अर्ध्या तासात नोंद मिळाली. भावंडांचे बाप्तिस्मे आधीच काढले नसते, तर थोरले कोण हेही कळले नसते.

२. भावंडे. आपल्या पूर्वजाची नोंद पुसट किंवा गहाळ असली, तरी आईवडिलांची नावे भावंडाच्या नोंदीत तीच असतात. सर्व भावंडे काढणे हा वेळेचा अपव्यय नाही.

३. धर्ममातापिता. धर्मपिता बहुधा नात्यातला असतो. त्याचे गाव आणि आडनाव टिपून ठेवले, की अडलेल्या शाखेला दुसरी वाट मिळते.

४. त्याच नावाचे मेलेले भावंड. लहानपणी मूल गेले, की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. पहिली जुळणारी नोंद दिसली म्हणून थांबू नये. त्यानंतरची पाच वर्षे आणि मृत्यूची वही पाहावी. १८९६ नंतरच्या प्लेगच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या काळात हे विशेष काळजीने करावे.

५. वय. मृत्यूच्या नोंदीतील ‘वय ६०’ हा अंदाज असतो. त्यावरून काढलेल्या जन्मवर्षाच्या अलीकडे आणि पलीकडे दहा वर्षे पाहावीत.

६. नक्कल. १९१७ च्या धर्मसंहितेने धर्मग्रामाच्या वह्यांची प्रत दर वर्षी बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवण्यास सांगितले होते, आणि १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाहांच्या नोंदी दर तिमाहीस सरकारी महानिबंधकांकडे जात. मूळ वही गेली असेल, तर या दोन ठिकाणी विचारावे.

७. सरकारी दप्तर. महाराष्ट्रातील गावांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूंच्या नोंदींचे कोतवाल बुक, आणि शाळेत जनरल रजिस्टर पाहावे. जुनी पाने मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्यावा. कानावर पडले तसे नाव लिहिलेले असते. ‘जुजे बस्त्याव’ अशी फक्त बापलेकांची नावे असतील आणि आडनाव नसेल, तर आश्चर्य वाटू देऊ नये.

सावधान: दफनभूमीवर फार भिस्त ठेवू नये. जागेअभावी कबरी पुन्हा वापरल्या जातात. दगड नाही म्हणून माणूस तिथे पुरलेला नाही, असे ठरत नाही.

टप्पा ७: चर्चची स्वतःची शिरगणती

बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू या चार वह्यांखेरीज धर्मगुरूने कुटुंबवार यादी ठेवावी, असा जुना नियम आहे. लॅटिनमध्ये तिला ‘स्तातुस आनिमारुम’ म्हणतात. आजच्या धर्मग्रामांतील कुटुंब कार्ड किंवा कुटुंबवही हे तिचेच रूप आहे. घरात कोण कोण राहते, कर्ता कोण, वये काय, हे एका पानावर मिळते, म्हणजे सरकारी शिरगणतीत जे आपल्याला मिळत नाही नेमके तेच. ही यादी प्रत्येक चर्चमध्ये टिकलेली नसते आणि कोणी मागत नसल्याने कपाटाच्या तळाशी राहते. तिचे नाव घेऊन, नम्रपणे आणि स्पष्टपणे मागणी करावी. विधवा आत्या, कामानिमित्त राहिलेला भाचा, दत्तक घेतलेले मूल यांचा पत्ता इतर कोणत्याही वहीतून इतक्या सहज लागत नाही.

टप्पा ८: दर्यापार गेलेला पूर्वज

बोटीवर किंवा परदेशी नोकरीला गेलेल्यांसाठी मात्र परदेशातील शिरगणतीचा खरा उपयोग होतो. इंग्लंडच्या शिरगणतीत १८६१ पासून बंदरातील जहाजांवरील माणसांचीही नोंद होऊ लागली, त्यामुळे गोमंतकीय खलाशी आणि आचारी तिथे सापडू शकतात. १९२१ ची शिरगणती २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये झालीच नाही, म्हणून त्या काळासाठी सप्टेंबर १९३९ चे नागरिक-रजिस्टर पाहावे. अमेरिकेत ७२ वर्षांनी नोंदी खुल्या होतात. तिथे सध्या १९५० पर्यंत जाता येते.

शोधताना आडनावाऐवजी जन्मस्थानाने शोधावे. इंग्रज गणकाने आडनाव कसे ऐकले असेल याचा भरवसा नसतो, पण जन्मस्थानाच्या रकान्यात गोवा, मुंबई, वसईचे जुने नाव बासेन किंवा ‘पोर्तुगीज इंडिया’ असे काहीतरी असते. ब्रिटिश फौजेत किंवा रेल्वेत असलेल्या अँग्लो-इंडियन शाखेसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींच्या नकला पाहाव्यात. त्या १७०९ ते १९४८ या काळातील आहेत.

टप्पा ९: जुळणी

सापडलेली नोंद वंशावळीत लगेच चढवू नये. नाव, ठिकाण, आईवडिलांचे नाव, जोडीदाराचे नाव आणि धर्ममातापित्यांचे नाते यांपैकी निदान तीन बाबी स्वतंत्र नोंदींतून जुळल्या पाहिजेत. दोनच जुळत असतील, तर ते पान पेन्सिलीत ठेवावे.

जी वही पाहिली आणि जिच्यात काही मिळाले नाही, तिचीही नोंद करावी: चर्च, वहीचा प्रकार, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणती पाने फाटलेली होती, आणि पाहिल्याची तारीख. पुढच्या वेळी तुम्ही गेलात किंवा तुमचा पुतण्या गेला, तर त्याच वीस वर्षांची पाने त्याला पुन्हा उलटावी लागणार नाहीत, आणि वहीचेही तेवढे हाताळणे वाचेल.